पाचवा रकाना

त्या सकाळी हिरूच्या अंगणात एक खुंटा होता, एक तुटलेलं दावं होतं, पावलीच्या, म्हणजे भाताच्या वाळल्या काडाच्या, अकरा पेंढ्या होत्या, पाण्याची एक दगडी कुंडी होती आणि हळद कालवलेलं तेल तळाशी उरलेली एक बाटली होती. माश्या होत्या, त्या मोजता येत नव्हत्या. वासरू नव्हतं. ते परसात बेहड्याच्या झाडाखाली होतं, चार हात लांब आणि अडीच हात खोल खड्ड्यात. खड्डा हिरूने आणि त्याच्या बायकोने, जिवलीने, खणला. श्रावणातली माती फावड्याला चिकटून राहत होती, म्हणून दोन तास लागले. त्यांची मुलगी रविना घमेल्याने माती बाहेर काढत होती. बासष्ट घमेली माती निघाली. बुजवताना चौपन्नच परत गेली.

वासराचं नाव बांड्या. डांगी जातीचा, अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला, सतरा महिन्यांचा गोऱ्हा. झरीजवळच्या त्यांच्या पाड्यात तेवीस गाई होत्या आणि जुना वळू दोन वर्षांपूर्वी साप चावून मेला होता. येत्या दिवाळीपासून बांड्या पाड्याचा वळू होणार, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्याला कोणी काठी मारत नसे. कोणाच्या वाफ्यात तोंड घातलं तरी बाया नुसतं हाकलत आणि वर हसत.

अकरा दिवसांपूर्वी दावं तोडून तो ओढा ओलांडून मनिषशेठच्या तबेल्यात शिरला. तिथे कालवडी होत्या आणि त्यातली एक माजावर होती. हिरू धावत पोचला तेव्हा बांड्याला चार माणसांनी पाडलं होतं. मनिषच्या हातात खच्ची करायचा नवा चिमटा होता, दांड्यांवर अजून प्लास्टिक होतं.

"हिऱ्या, तुझा सांड माझ्या कालवडींच्या मागे," मनिष म्हणाला. "एकेक कालवड कुठल्या वंशाची आहे, माहीत आहे का तुला? त्यात हा जंगली माल घुसवायचा?"

"चुकला, शेठ. दावं तुटलं. मी नेतो त्याला."

"नेशील ना. थांब जरा."

"माझं जनावर हाय, शेठ. मी हात ठेवला नाय."

"मग लांब उभा राहा."

चिमटा एकेका बाजूला वेगळा लावायचा असतो. आतली शीर बोटांनी बाजूला ओढायची, तेवढीच चिमट्यात धरायची, आणि दोन्ही खुणांच्या मधे बोटभर कातडी मोकळी सोडायची. रक्त त्या मोकळ्या कातडीतून खाली जात राहतं. मनिषने वृषणांची अख्खी पिशवी आडवी धरली आणि चिमटा तीनदा मिटला. बांड्या ओरडला नाही. त्याची जीभ बाहेर आली आणि तिला माती लागली.

"ने आता. नांगराला जुंप. फुकटात काम करून दिलं तुझं," मनिष म्हणाला, आणि दोरी धरलेला त्याचा गडी सुदाम सोडून बाकीचे हसले.

तिसऱ्या दिवशी पिशवी हाताला गार लागली. पाचव्या दिवशी ती काळी पडली. आठव्या दिवशी वास सुटला आणि किडे झाले. हिरू काडीने एकेक किडा काढत होता आणि जिवली हळदीचं तेल सोडत होती. अकराव्या दिवशी पहाटे बांड्या उठला नाही.

खड्डा बुजवून झाल्यावर जिवली हात न धुता तशीच बसली. "त्याच्या गोठ्यातलं एक बी जनावर त्याच्या मनासारखं निपजू नये," ती म्हणाली.

"जनावरांनी काय केलंय?" हिरू म्हणाला. मग फावडं धुवायला ओढ्यावर गेला आणि बराच वेळ परतला नाही.

आश्विनात मनिषच्या तबेल्यात बारा गोऱ्हे वेगळे बांधले गेले. दुधाच्या धंद्यात नर वासरू म्हणजे अडगळ. ते दूध पितं आणि देत काही नाही. पण एका खाद्य कंपनीने मनिषला सांगितलं होतं, वाढवून बैल म्हणून विकता येतील, आधी तपासून पाहू. कंपनीचे रूपेश सर सिल्वासाहून आले. रविना झूलॉजी घेऊन बीएस्सी झाली होती. वजनं आणि मापं घ्यायला त्यांनी तिला ठेवलं. नव्वद दिवस नीट नोंदी ठेवल्यास कंपनीच्या प्रयोगशाळेत तिचं नाव सुचवतो, असंही म्हणाले.

त्यांनी दोन प्रश्न फळीवर खडूने लिहून दाखवले. खच्ची केल्याने गोऱ्ह्याची वाढ किती कमी होते? आणि आंबोणात सोयाबीनचं तेल घातलं तर ती भरून निघते का? बारापैकी सहा खच्ची करायचे, सहा तसेच ठेवायचे. दोन्हीकडच्या तिघा-तिघांना रोज शंभर मिली तेल. दर पंधरा दिवसांनी नोंद. कागदावर पाच रकाने होते: टॅग नंबर, तेल, वजन, छातीचा घेर, वृषणाचा घेर.

"हा पाचवा कशाला, सर?" रविनाने विचारलं.

"खच्ची नीट झालं की गोळ्या आटतात. दीड महिन्यात कळतं. तपासणीचा रकाना आहे तो," रूपेश सर म्हणाले. "खाली दर वेळी शेठची सही घे."

"खच्ची कोण करणार?" त्यांनी मनिषला विचारलं.

"आमच्याकडे हिरू आहे. पाच गावांचे बैल त्याने केलेत. डॉक्टर कशाला?"

बांड्याचं काय झालं ते मनिषने सांगितलं नाही. हिरूला निरोप गेला. हिरू गेला. पाड्यात त्याबद्दल बोललं गेलं. "दोन महिने नाय झाले बांड्याला पुरून आणि चालला त्याच्या दारात," एक म्हातारी त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. जिवली आधीपासूनच तिथे आंबोण कालवायला जात होती, रविना आता जाऊ लागली होती. पण हिरू गेला तो यासाठी नाही. का गेला ते त्याने सांगितलं नाही.

हिरू त्या दिवशी उपाशी होता. हे काम करायचं त्या दिवशी तो खात नसे. त्याच्या बापापासून एक रीत होती. जनावराच्या धन्याने जनावराच्या पाठीवर उजवा हात ठेवून 'कर' म्हणायचं. ते झाल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. दुखवतो तो धन्याचा शब्द, आपला हात नाही, असं बाप सांगे. खांडवीचा पाटील असो की पाड्यातला पोरका माणूस, प्रत्येकाने हात ठेवला होता.

सुदामने पहिला गोऱ्हा पाडला. टॅग सात.

"शेठ, हात ठेवा," हिरू म्हणाला.

मनिष फोनवर बोलत होता. "काय?"

"पाठीवर हात ठेवा आणि कर म्हणा. रीत हाय."

"आता काय पूजा घालू याची? कर लवकर, सहा आहेत."

"हात ठेवा, शेठ. नुसता ठेवा."

"शेणाने भरलाय तो. तू कर ना!"

हिरू खाली बसला. त्याने डाव्या हाताने पिशवी धरली, अंगठ्याने शीर शोधली. ती बोरूएवढी जाड होती आणि बोटाखाली निसटत होती. निसटली की तो पुन्हा धरत असे, हे सुदामने अनेकदा पाहिलं होतं. या वेळी त्याने तिला धरलं आणि मधल्या बाजूला सरकवून तिथेच दाबून ठेवलं. बाहेरच्या बाजूची नुसती कातडी चिमट्यात घेतली. दांड्या मिटल्या, कट्ट आवाज झाला. गोऱ्ह्याने पाय झाडला. कातडीवर आडवी निळसर खूण उमटली. मग दुसरी बाजू, बोटभर खाली. खुणा नेहमीसारख्याच दिसत होत्या.

दोरी धरलेल्या सुदामचा चेहरा हिरूच्या हातापासून दीड फुटावर होता. त्याने खाली पाहिलं, हिरूकडे पाहिलं, आणि दोरीचा पीळ नीट करू लागला.

सहा वेळा हिरूने हात ठेवायला सांगितलं. चौथ्या वेळेला मनिष म्हणाला, "अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" सहाव्या वेळेला तो तिथे नव्हताच. रविना टॅग नंबर लिहीत होती. चिमटा बारा वेळा मिटला, तिने बारा खुणा केल्या.

काम झाल्यावर हिरूने सहाही गोऱ्ह्यांना रीतीप्रमाणे ऊन उतरेपर्यंत चालवलं, बसू दिलं नाही. मनिष म्हणाला, "बघ, काम करावं तर हिरूने."

दिवस सुरू झाले. सकाळी सहाला जिवली मक्याचा भरडा, कोंडा आणि सरकीची पेंड टोपल्यात मोजून घ्यायची, सहा टोपल्यांत मापाने तेल सोडायची, हाताने कालवायची. तेलाने तिचे हात कोपरापर्यंत चकाकायचे. गोऱ्ह्यांना पहिले चार दिवस तेलाचा वास रुचला नाही. शेण पातळ झालं. मग अंगवळणी पडलं. तेलावरच्या गोऱ्ह्यांचे केस महिन्याभरात असे तुळतुळीत झाले की पाठीवर बसलेली माशी घसरेल.

पंधराव्या दिवशी सहाही जणांचा पाचवा रकाना थोडा वाढला होता. ती सूज असणार, असं रविनाने धरलं. तिसाव्या दिवशी सूज राहायला नको होती. पंचेचाळिसाव्या दिवशी तिने टेप दोनदा लावला, मग टेपच खोटा आहे का म्हणून पट्टीवर ठेवून पाहिला. टेप बरोबर होता. टॅग सात पहिल्या दिवशी सतरा सेंटिमीटर होता, आता साडेवीस. बाकीचे पाचही तसेच. खच्ची न केलेल्या सहा गोऱ्ह्यांची मापं शेजारी ठेवली तर कोणते कोणते ते ओळखता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी हिरू खळ्यावर भात झोडत होता. फळीवर पेंढी आपटायची, दाणे उडायचे, पेंढी झटकून मागे टाकायची. रविना पावली रचायला बसली.

"बा, सहाच्या सहा तशीच हायत."

"काय तशीच?"

"गोळ्या. आटायच्या सोडून वाढतायत."

हिरूने पेंढी आपटली. "चार पेंढ्या इकडं दे."

"चिमटा बिघडलाय का?"

"चिमटा बरा हाय."

"मंग?"

"त्यानं हात ठेवला नाय," हिरू म्हणाला. "सहा वेळा सांगितलं. एकदा जरी ठेवला असता ना, तर तेवढं एक केलं असतं. आणि चांगलं केलं असतं."

रविनाने हातातली पेंढी खाली ठेवली. तिच्या केसांत भूस अडकलं होतं.

"मी खोटं लिवणार नाय, बा. माझं नाव जातंय त्याच्यावर."

"कोण सांगतंय खोटं लिव? खरं लिव. पाचवा रकाना हाय ना? त्यात खरं लिव. वाचेल तर वाचेल."

"आणि वाचला तर?"

"तर मी उभा हाय."

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन मनिषच्या खोलीत गेली. तो जेवत होता. सुदाम दाराशी दुधाची कॅन धूत होता.

"वजनं सांग."

"खच्ची केलेले, तेलावरचे, सरासरी एकशे सत्तेचाळीस. खच्ची न केलेले, तेलावरचे, एकशे अठ्ठेचाळीस."

मनिषने घास थांबवला. "म्हणजे सारखेच? काय तेल आहे रे! खच्ची केल्याचा काही फरकच नाही!"

"शेठ, पाचवा रकाना पण बघा. त्यात—"

"काय आहे त्यात?"

"वृषणाचा घेर."

मनिष हसला. "सुदाम, ऐक रे. शिकून सवरून पोरगी मोजते काय! नको सांगू बाई, जेवायचंय मला अजून."

"बघायला पाहिजे, शेठ. तपासणीचा रकाना हाय."

"मला वजनाशी मतलब आहे." त्याने कागद ओढला, पाचव्या रकान्याच्या रेघेवर मागे दुमडला, चार रकान्यांचा फोटो काढून रूपेश सरांना पाठवला आणि खाली सही केली. सुदामच्या हातातली कॅन दगडावर वाजली.

रविनाने कागद उलगडून फाइलला लावला. घडी तशीच राहिली. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर ती त्याच जागी पडत गेली.

तेल पंधरा लिटरच्या डब्यातून यायचं. सहा गोऱ्हे, रोज शंभर मिली, म्हणजे डबा पंचवीस दिवस जायला हवा. गोऱ्हे वाढले तसं रूपेश सरांनी फोनवरून माप सव्वाशेवर नेलं होतं. ते मनिषलाच सांगितलं होतं, मनिषने जिवलीला सांगितलं होतं. डिसेंबरात डबा विसाव्या दिवशी संपला.

"पाच दिवसांचं तेल कुठे गेलं?" मनिष गोठ्यात येऊन म्हणाला. गोठ्यात तेव्हा दूध काढणारे सात जण होते. "जिवले, इकडे ये."

जिवली हात पुसत आली.

"डोक्याला काय लावलंस?"

"तेल, शेठ."

"कुठलं?"

"घरचं. खुरासणीचं."

"डोकं खाली कर."

जिवली उभी राहिली. तिचं वय अठ्ठेचाळीस होतं. मनिष चौतीस वर्षांचा होता.

"खाली कर म्हटलं ना."

तिने मान खाली केली. मनिषने दोन बोटं तिच्या भांगात घातली, घासली, नाकाशी नेली. त्याला कळलं नाही. "सुदाम, तू बघ वास घेऊन."

"खुरासणीच हाय, शेठ," सुदाम जागेवरूनच म्हणाला.

"जवळ येऊन बघ!"

सुदाम आला, जिवलीच्या डोक्याजवळ वाकला आणि श्वास रोखून तसाच मागे झाला. "खुरासणी."

रविना वजनकाट्यापाशी उभी होती. "सहा गुणिले सव्वाशे म्हणजे रोज साडेसातशे मिली होतं, शेठ," ती म्हणाली. "पंधरा लिटर बरोबर वीस दिवस जातं. माप तुम्हीच वाढवलंय."

मनिषने मनात हिशोब केला, तो चेहऱ्यावर दिसला. "मग आधी सांगायचं ना," तो म्हणाला. बोटं त्याने जिवलीच्या पदराला पुसली. "उद्यापासून तू शेण काढ. तेलाला सुनिता येईल."

त्या दिवसापासून जिवलीने डोक्याला तेल लावलं नाही. थंडीने केस राठ झाले, फणी अडायची, तशीच ती ते बांधायची. हिरूने खुरासणीची बाटली एकदा तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचलून फळीवर ठेवून दिली.

"कधी?" तिने विचारलं.

"होईल," हिरू म्हणाला.

रविनाने पाचव्या रकान्याचं पुन्हा तोंडी काही सांगितलं नाही. लिहीत राहिली. साडेवीस, बावीस, साडेतेवीस. नव्वदाव्या दिवशी टॅग सात पंचवीस सेंटिमीटर होता. मनिषने कागद दुमडला, फोटो काढला, सही केली.

प्रयोग संपला. रूपेश सरांनी आकडे फार चांगले आलेत असं कळवलं; फोटोत नसलेला पाचवा रकाना त्यांनीही मागितला नाही. तेलावरच्यांत खच्ची केलेले आणि न केलेले यांच्या वाढीत फरक नाही, तेलाचा गुण म्हणायचा. मनिषने हे तीन ग्रुपांवर टाकलं. उंबरगावहून दोन तबेलेवाले बघायला आले, तेव्हा त्याने टॅग सातच्या पाठीवर थाप मारली. "बैल आहे, पण सांडासारखा भरलाय!"

थाप मारताना हात शेणाने भरला. त्याने तो गोऱ्ह्याच्याच मानेला पुसला.

जागा अपुरी पडत होती. खच्ची न केलेले सहा अंगावर येतील म्हणून साखळीने बांधून ठेवले. खच्ची केलेले सहा शांतच असणार, ते चौदा कालवडींबरोबर डोंगराच्या कुंपणात सोडावे, चाऱ्याचा एक माणूस वाचेल, असं मनिषनेच ठरवलं. राखायला हिरू.

त्या चौदा कालवडी मनिषचा जीव होता. पंधरा ते अठरा महिन्यांच्या, उंच पायांच्या. मे महिन्यात त्या सगळ्यांना एकाच दिवशी भरवायचं होतं. नायट्रोजनच्या डब्यातून वीर्याच्या कांड्या येणार होत्या, ज्यांतून बहुतेक मादी वासरंच होतात अशा. तबेल्याच्या भिंतीवर त्या परदेशी वळूचं चित्र चिकटवलं होतं.

रविनाने टॅगची वही चाळली होती. पहिल्या रविवारी ती भाकरी घेऊन कुंपणाशी गेली.

"बा, त्यातल्या चार कालवडी आणि आपले तीन गोऱ्हे त्याच गाईंच्या पोटचे हायत. बहिणी हायत त्या."

हिरू काठीवर हनुवटी टेकून बसला होता. खाली वाळलेल्या गवतात टॅग सात एका कालवडीच्या मागे मागे चालत होता, ओठ वर उचलून हवा हुंगत होता. हिरूने भाकरी मोडली आणि हातातच ठेवली.

"वही त्याच्याकडे बी हाय ना?" तो म्हणाला.

"हाय."

"आणि कागद?"

"कागद बी हाय."

"मंग त्यानं बघावं," हिरू म्हणाला. पण भाकरी त्याने खाल्ली नाही. तुकडा तसाच फडक्यात बांधून घरी आणला आणि जिवलीपुढे ठेवला.

माघ संपता संपता मनिष दुचाकीवरून कुंपणाशी आला. उतारावर टॅग नऊ एका कालवडीवर चढला होता.

"हिऱ्या! ते काय करतोय?"

"खेळतोय, शेठ."

"खेळतोय?"

"बैल बी चढतात. सवय असती. तुम्हीच सोडलंत ना, खच्ची हायत म्हणून?"

मनिषने डोळे बारीक करून पाहिलं. ऊन समोरून येत होतं. टॅग नऊ खाली उतरला आणि चरू लागला. "तेल जास्त झालं वाटतं," मनिष म्हणाला आणि हसला.

"झालं असंल," हिरू म्हणाला.

"माजावर आल्या का कोणी?"

"मागल्या पंधरवड्यात आल्या होत्या पाच-सहा. तुम्ही म्हणालात, मेपर्यंत थांब. थांबलो."

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी डहाणूहून डॉक्टर आले. चौदा जणींना एकाच दिवशी माजावर आणायचं इंजेक्शन द्यायचं होतं. त्याआधी प्रत्येक कालवड आतून तपासावी लागते. पोटात गाभ असेल तर त्या इंजेक्शनने तो पडतो. मनिषने मांडव घातला होता, पंखे लावले होते, उंबरगावचे दोघे पुन्हा बोलावले होते. नायट्रोजनचा डबा टेबलावर होता.

सकाळी घरून निघताना जिवलीने फळीवरची बाटली काढली होती. तळहातभर तेल डोक्यात जिरवलं होतं, केस घट्ट बांधले होते. तबेल्यात ती शेणाची पाटी घेऊन सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली.

डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवला. रविना कागद घेऊन शेजारी. पहिली कालवड बांबूच्या अरुंद खोड्यात आली. डॉक्टरांचा हात आत गेला, थांबला.

"गाभण," ते म्हणाले. "अडीच महिने."

"काहीतरी चूक आहे," मनिष म्हणाला.

दुसरी. "गाभण."

तिसरी. "ही पण. शेठ, वळू कुठला फिरवलात यांच्यात?"

"वळू? वळू आहे कुठे माझ्याकडे मोकळा? यांच्यात फक्त सहा खच्ची बैल आहेत!"

डॉक्टर मोजा घातलेल्या हातानेच, कालवडींबरोबर खाली आणलेल्या त्या सहांकडे गेले. सुदामने टॅग सातला धरलं. डॉक्टरांनी डाव्या हाताने खाली चाचपलं, एक बाजू, मग दुसरी. मग आठ नंबर, मग नऊ.

"हे कोणी सांगितलं खच्ची आहेत म्हणून? सगळं जागच्या जागी आहे. नोंदी नाहीत का?"

रविनाने फाइल दिली. डॉक्टरांनी एकेक कागद घेतला, तिसऱ्यापासून प्रत्येकाची घडी उलगडली. ते टॅग सातचे आकडे मोठ्याने वाचत गेले, "अठरा पॉइंट पाच. एकोणीस पॉइंट पाच. साडेवीस. बावीस. साडेतेवीस. पंचवीस. शेठ, हे सगळं इथे लिहिलंय. खाली तुमच्या सह्या आहेत."

उंबरगावचा एक जण खाकरला. दुसरा पंख्याकडे बघू लागला.

मनिषचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "तू सांगितलं नाहीस मला!" तो रविनावर ओरडला.

"सांगत होते, शेठ. तुम्ही जेवत होता. सहा वेळा कागद दिला."

"आणि तू!" तो हिरूकडे वळला. "काय केलंस तू? बोल ना! मुद्दाम केलंस!"

हिरू खोड्याच्या आडव्या बांबूला धरून उभा होता. "तुम्ही हात ठेवला नाय, शेठ," तो म्हणाला. "माझ्या बांड्यावर मी बी ठेवला नव्हता."

"उद्यापासून तोंड दाखवू नकोस! तिघंही!"

"उद्या कशाला? ही तपासणी झाली की निघतो."

मनिष दोन पावलं पुढे आला. सुदामने हातातली दोरी खाली टाकली आणि मधे उभा राहिला. दूध काढणारे सात जणही उठून उभे राहिले होते. मनिष थांबला.

डॉक्टर टेबलाशी परतले, मोजा धुतला. "राहिलेल्या बघून घेऊ. इंजेक्शन काही देता येणार नाही. पुढची आणा."

चौथी कालवड आली. मग पाचवी. मांडवात पंख्यांचा आणि खुरांचा आवाज होता. डॉक्टर एकेक शब्द सांगत होते, रविना लिहीत होती. पाऊण तास लागला. शेवटी तिने रेघ मारली, बेरीज दोनदा केली आणि वाचून दाखवली.

तपासलेल्या कालवडी चौदा. गाभण अकरा. रिकाम्या तीन. सगळ्यात जुना गाभ ब्याऐंशी दिवसांचा.